दिवाणजींची निवड

एकनाथमहाराजांच्या चरित्रांतील एका पैची गोष्ट महाराष्ट्रांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पदरीं असतां नाथांकडे हिशेबाचें काम होतें. एके दिवशीं ताळा जुळेना. एका पैचा फरक येऊं लागला. रात्रभर दिवा जाळून त्यांनीं वह्या चाळल्या, पहांटेच्या सुमारास चूक सांपडली, आणि आनंदाच्या भरांत त्यांनीं टाळी वाजविली. एवढी एकाग्रता परमेश्वराच्या ठायीं लागली तर काय होईल, असा बोध स्वामींनीं त्यावर केला, असें परंपरा सांगते. कीर्तनकार येथून भक्तीच्या निरूपणाकडे वळतो, आणि तें त्याच्या जागीं योग्यच आहे. पण श्रोत्यांत एखादा वाणी किंवा कापडदुकानदार बसलेला असेल, तर त्याच्या मनांत निराळाच विचार यावयास पाहिजे: असा हिशेबनीस आपणांस कोठें मिळेल? एका पैसाठीं दोन पैशांचें तेल जाळणारा माणूस वरवर पाहतां वेडा दिसतो. हिशेबांत मुरलेल्या माणसाला मात्र तो वेडा वाटत नाहीं. ताळ्यांतील एका पैचा फरक ही नेहमीं एका पैचीच चूक असते असें नाहीं. शंभर रुपये एकीकडे चुकून लागले आणि नव्याण्णव रुपये पंधरा आणे अकरा पै दुसरीकडे राहून गेले, तरी खालीं दिसावयाची ती एकच पै.

लहान धंदा करणाऱ्या गृहस्थांची या बाबतींतील रीत मोठी चमत्कारिक असते. दुकानाची जागा ते दहादां पाहतात, मालाचा नमुना बोटांनीं चुरून पारखतात, तराजूचा कांटा डोळ्याशीं नेऊन बघतात. परंतु ज्याच्या हातीं साऱ्या व्यवहाराची वही द्यावयाची तो माणूस मात्र नात्यागोत्यांतून, शेजाऱ्याच्या शिफारशीवरून, किंवा "माणूस आपला आहे" एवढ्या एका वाक्यावरून ठरून जातो. बायकोचा मावसभाऊ परीक्षेंत नापास झाला, पण अक्षर बरें काढतो, म्हणून तो वहीवर बसला, अशीं उदाहरणें प्रत्येक पेठेंत सांपडतील. आपला माणूस निवडावा यांत गैर तें काय, असें कोणी विचारील. गैर इतकेंच कीं, हिशेबनीस 'आपला' असावा कीं नसावा हा प्रश्न याच प्रांतांत फार पूर्वीं नीट विचार करून सोडविलेला होता, आणि त्याचें उत्तर आपल्या आजच्या समजुतीच्या नेमकें उलट होतें.

'दिवाणजी' हा शब्दच पाहा. आमच्या पेठांतून दुकानाच्या हिशेबनिसाला दिवाणजी म्हणण्याची चाल होती. मुंबईस त्याला मेहताजी म्हणत. मारवाडी पेढीवर तो मुनीम. गादीच्या कडेला उतरत्या झांकणाची पेटी, कानावर लेखणी, लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्या, आणि मालकानें हांक मारतांच अर्धवट उठून उभी राहणारी ती मूर्ति, असें त्याचें चित्र जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढें असेल. पगार बेताचा, मान त्याहूनहि बेताचा. पण हेंच पद पेशवाईंतील महालाच्या कचेरींत पाहिलें तर ओळख पटणार नाहीं. तेथें दिवाण हा मामलेदाराचा नोकर नव्हता.

महालाचा मामलेदार म्हणजे वसूल करणारा व खर्च करणारा अधिकारी. त्याच्या जोडीला दरकदार म्हणून जे अंमलदार असत, त्यांची यादी एकदां सबंध वाचण्यासारखी आहे. मामलेदाराच्या खालोखाल दिवाण. प्रत्येक पत्रावर व हुकुमावर त्याची सही पाहिजे. मुजुमदार कागद व हिशेब पाहून मान्य करी, मगच ते फडणिसाकडे जात. फडणीस सनदांवर व हुकुमांवर तारीख घाली, रोजकीर्द लिही, पैशाच्या थैल्यांवर चिठ्ठ्या लावून त्यांवर तारीख टाकी, आणि कीर्द घेऊन हुजुरांत जाई. त्या कीर्दीवरून खतावणी तयार करून महिन्याचा गोषवारा पाठवावयाचा तो दफ्तरदारानें. वसुलाचा व शिलकेचा हिशेब पोतनिसाकडे. नाणें पारखावयाचें पोतदारानें, आणि पोतदार नेहमीं दोन असत. पत्रव्यवहार चिटणिसाचा, किरकोळ तंट्यांची नोंद सभासदाकडे. म्हणजे पैसा घेणारा एक, पारखणारा दुसरा, लिहिणारा तिसरा, आणि लिहिलेलें तपासणारा चौथा. एका महालाच्या कचेरींत एवढीं माणसें कशाला, असें काटकसरी वाचकास वाटेल. पण एकाच्या हातची चूक किंवा चोरी दुसऱ्याच्या वहींत उमटल्यावांचून राहूं नये, हीच त्यांतील योजना होती.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. हे दरकदार मामलेदाराच्या मर्जीचे नसत. त्याला ते काढतां येत नसत. त्यांच्या सहीवांचून त्याचा हुकूम पुरा होत नसे. मामलेदार वांकड्या वाटेनें चालला तर दिवाणानें त्यास प्रथम समज द्यावी, आणि न ऐकल्यास हुजुरांत कळवावें, अशी रीत होती. ज्याचा हिशेब लिहावयाचा त्याच्या लहरीवर लिहिणाराची भाकरी अवलंबून ठेवूं नये, हें तत्त्व कोणीं ग्रंथ लिहून मांडलें नाहीं. तें नेमणुकीच्या रीतींतच मुरलेलें होतें.

याचें मूळ शिवकालांत दिसतें. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराममहाराजांच्या वेळीं जिंजीस लिहिलेल्या बखरींत गडावरच्या व्यवस्थेचें वर्णन आहे. हवालदार, सबनीस व सरनौबत असे तिघे एका योग्यतेचे अधिकारी. तिघांनीं मिळून कारभार करावयाचा. हिशेबकिताब सबनिसाचा, धान्य व सामान यांची नोंद कारखानिसाची. तरवार ज्याच्या हातीं त्याच्या पायाशीं लेखणी बसविलेली नाहीं. ती त्याच्या शेजारीं बसविली आहे. गड फितुरीनें जाऊं नये म्हणून केलेली ही तजवीज, असा याचा अर्थ सामान्यतः लावतात, आणि तो खराच आहे. पण जी तजवीज गडाच्या दरवाजाला लागू, तीच कोठीवरच्या दाण्यालाहि लागू होती, हें विसरूं नये.

ही दृष्टि तशी फार जुनी. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामाशास्त्री यांनीं 1909 सालीं म्हैसुराहून छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां राजनीतीच्या अभ्यासकांत खळबळ उडाली. खरें पाहतां हिशेबतपासनिसांतहि तितकीच उडावयास हवी होती. अक्षपटलाच्या प्रकरणांत वर्षाचे हिशेब आषाढांत आणावेत, वह्या व शिल्लक मोहरबंद असावी, आणि आलेल्या हिशेबनिसांस एकमेकांशीं बोलूं देऊं नये, अशी आज्ञा आहे. पुढच्याच प्रकरणांत राजद्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार मोजून सांगितले आहेत. चाळीस! आमच्या एखाद्या मुरब्बी व्यापाऱ्यास विचारलें, तर तो दहाबारा सांगून थांबेल.

परंतु यंत्र चांगलें असलें म्हणजे तें चांगलें चालतेंच असें नाहीं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं 1819 सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत दरबारखर्च ऊर्फ अंतस्त या रकमेची हकीकत आली आहे. ही रक्कम प्रथम मंत्र्यांना आणि हिशेब तपासणारांना चोरून द्यावयाची लांच होती. पुढें ही लांच रुळली, तिचा दर ठरला, ती नियमित हक्कासारखी झाली, आणि इतर खर्चाबरोबर तिचाहि हिशेब रीतसर तपासला जाऊं लागला. मग तपासणारांस खूष ठेवावयास नवी लांच हवी! त्यासाठीं रयतेकडून आणखी वसूल होऊं लागला. या नाजुक रकमांत तपासणारे फार खोल शिरत नसत; आणि ती संधि साधून मामलेदार जेवढें देई त्याहून कितीतरी अधिक स्वतःच्या पदरांत पाडून घेई. एल्फिन्स्टन हा जेता होता, आणि जेत्याला जितांचे दोष चटकन दिसतात, हें ध्यानांत ठेवावें. तरीहि तपासणाराला तपासण्याच्या कामीं आंधळा करण्याची ही पायरीपायरीची रीत त्यानें जितक्या नेमकेपणानें टिपली आहे, तितकी दुसऱ्या कोणीं टिपलेली माझ्या वाचनांत नाहीं.

आणि तिची लहानशी प्रतिकृति आमच्या बाजारांत रोज घडते. मालक दिवाणजींस सांगतो कीं, अमुक विक्री वहींत धरूं नका. दिवाणजी धरीत नाहींत. त्या दिवसापासून दुकानांत दोन वह्या होतात. एक दाखवावयाची आणि एक खरी. मालकाची समजूत असते कीं दोन्ही आपल्याच. पण खऱ्या वहीवर आतां कोणाचीच नजर उरलेली नसते. तींतून दिवाणजींनीं स्वतः कांहीं उचललें, तर मालक कोणापुढें ओरडणार? ज्या विक्रीची नोंदच नाहीं, तिचा पैसा गेला अशी फिर्याद कोणत्या तोंडानें करणार? नव्या हिशेबनिसाला "कर किती वांचवाल?" हा ज्याचा पहिला प्रश्न असतो, तो गृहस्थ नकळत अशा माणसाच्या शोधांत असतो कीं ज्याची कला खोटें लिहिण्यांत आहे, आणि तसा माणूस त्याला मिळतोहि. ती कला पुढें एकाच दिशेनें वापरली जाईल, असें मानण्यास कांहीं आधार नसतो.

दुसरी कीड वतनाची. वंशपरंपरेचे अधिकार वाढूं देण्यास शिवाजीमहाराजांचा विरोध होता. न्यायमूर्ति रानड्यांनीं मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील आपल्या 1900 सालच्या ग्रंथांत यावर मुद्दाम भर दिला आहे. पेशवाईंत दरकदाऱ्या घराण्यांतून चालूं लागल्या. बाप मुजुमदार म्हणून मुलगा मुजुमदार. मामलेदाराला काढतां येऊं नये म्हणून दिलेलें संरक्षण हळूहळू कोणालाच काढतां येऊं नये अशा मिळकतीसारखें झालें. भानूंच्या घरांत फडणिशी अशीच आली, आणि त्या घरांत नानांसारखा पुरुष जन्मला, हें खरें. पण 1742 सालीं एक नाना जन्मला म्हणून दर पिढीस दुसरा जन्मत नाहीं. नानांच्या हाताखालीं पुण्याचें हुजूर दफ्तर ज्या टापटिपीनें चालें, ती टापटीप दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत राहिली नाहीं. दफ्तराची हयगय झाली, आणि कागद लोकांच्या घरोघर गेले. थोरल्या माधवरावांच्या कारभाराविषयीं आज आपण इतक्या बारकाईनें बोलूं शकतों, तें कांहीं बखरकारांच्या प्रतिभेमुळें नव्हे. गणेश चिमणाजी वाड यांनीं ज्यांतून वेंचे काढले, त्या रोजकीर्दी कोणा अनाम कारकुनांनीं रोजच्या रोज लिहून ठेवल्या म्हणून. इतिहासाचे अध्यापक हिशेबनिसांचे केवढे ऋणी आहेत, याची जाणीव आम्हां लोकांस फार उशिरां होते.

खेड्यांत तेंच चित्र कुळकर्ण्याचें. गांवचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरीं, मोडींत लिहिलेला. आणि ज्याच्या नांवावर तो लिहावयाचा, त्या कुणब्यास बहुधा त्यांतील एक अक्षरहि लागत नसे. जोतीराव फुल्यांनीं कुळकर्ण्यांवर जे कोरडे ओढले त्यांची भाषा कोणास कडक वाटो. परंतु ज्याला वाचतां येत नाहीं त्याचा हिशेब लिहिणाराच्या दयेवर असतो, हा त्यांतला मुद्दा खोडून काढणें कठीण आहे. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला व तो आसपास पसरला, तेव्हां शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या देहावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते सावकाराचे कागद: खतें, रोखे, हुकूमनामे. ते निमूटपणें हातीं आले तेथें बहुधा मारहाण झाली नाहीं. कागदांची होळी मात्र झाली. दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं 1879 चा कायदा झाला, त्यांत ऋणकोला पैसे भरल्याची पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा व हातवही मागण्याचा हक्क मिळाला. आपला हिशेब आपल्या डोळ्यांखालीं यावा, एवढ्या साध्या गोष्टीसाठीं आधीं कागद जळावे लागले! कोल्हापुरांत शाहूमहाराजांनीं 1918 सालीं कुळकर्णी वतनें खालसा करून पगारी तलाठी नेमले. त्या निर्णयाभोंवतीं त्या वेळीं जो वादाचा धुरळा उडाला, त्यांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. हिशेबाच्या दृष्टीनें पाहतां त्यांत एकच गोष्ट होती: लिहिणारा वाईट निघाला तर तो बदलतां आला पाहिजे.

येथें एक विरोध दिसेल. दरकदार काढतां येऊं नये म्हणून व्यवस्था चांगली, आणि कुळकर्णी काढतां येत नाहीं म्हणून ती वाईट, हें कसें? उत्तर सोपें आहे. दरकदार मामलेदाराला काढतां येत नसे. हुजुरांचें तसें नव्हतें. खर्च करणाराच्या हातून लिहिणारा सुटा असावा, आणि ज्याचें द्रव्य त्याच्या हातांत मात्र असावा, अशी ती घडण होती. वतनानें तिचा दुसरा भाग तोडून टाकला.

दुकानांत अडचण ही कीं मामलेदार तोच आणि हुजूरहि तोच. सकाळीं गल्ल्यांतून चार नोटा काढून भाजी आणावयास धाडणारा, उधारीवर ओळखीच्या गिऱ्हाइकास माल देणारा, मित्राच्या भरीला पडून नवें यंत्र घेणारा मालक हा मामलेदार. वर्ष संपल्यावर आपण खरोखर मिळविलें कीं घालविलें हें जाणूं पाहणारा मालक हा हुजूर. हिशेबनिसाची नेमणूक यांतल्या कोणीं करावयाची, यावर सारें अवलंबून आहे. मामलेदारानें केली तर तो गोड बोलणारा, फारसें न विचारणारा, 'साहेब म्हणतील तसें' लिहिणारा माणूस निवडील. मावसभाऊ निवडला तर वतनच दिल्यासारखें झालें. कारण तो उद्यां निरुपयोगी ठरला तरी सणासुदीला पंगतींत समोर बसणार, आणि त्याला काढावयाचें म्हणजे घरांत दोन महिने बोलणें बंद.

इंग्लंडांतील जोसाया वेजवुड या प्रसिद्ध कुंभाराची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. 1772 सालच्या मंदींत त्याचा माल पडून राहूं लागला आणि हातांत पैसा खेळेना. तेव्हां तो स्वतः वह्या घेऊन बसला व एकेका भांड्यास खरा खर्च किती पडतो हें काढूं लागला. माल थोडा निघो कीं पुष्कळ, कांहीं खर्च आपल्या गतीनें चालूच राहतात, हें त्याला त्या वेळीं उमगलें; आज वाणिज्य महाविद्यालयांतील मुलें तेंच पहिल्या वर्षीं पाठ करतात. पण त्याच शोधांत एक दुसरी गोष्ट बाहेर पडली: मुख्य कारकुनानें पैसे खाल्ले होते. वेजवुड हा ढिला माणूस नव्हता. भांड्याच्या झिलईंतील केसाएवढा दोष त्याच्या नजरेंतून सुटत नसे. वहींतलें भगदाड मात्र सुटलें होतें. भरभराटीच्या दिवसांत वही उघडण्याची निकड कोणालाच वाटत नाहीं. हें ध्यानांत घेण्यासारखें आहे कीं, चोर पकडावा म्हणून तो वहीजवळ गेला नव्हता. आपल्या मालाचा खर्च आपणांस कळावा म्हणून गेला होता.

आपल्याकडे हिशेबनिसाचा आधुनिक पेशा कंपन्यांबरोबर आला. कंपनीचे हिशेब तपासणाराजवळ सरकारी प्रमाणपत्र असावें, अशी अट 1913 च्या कायद्यानें घातली. मुंबई सरकारनें 1918 सालीं हिशेबशास्त्राची पदविका सुरू केली. 1932 सालीं नोंदलेल्या हिशेबतपासनिसांची पट्टी अखिल हिंदुस्थानासाठीं एक झाली. आणि 1949 च्या कायद्यान्वयें 1 जुलै रोजीं चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली. यांतील तपशील रूक्ष आहे. पण त्या पेशाच्या नियमांत दोन गोष्टी अशा आहेत कीं त्या वाचतांना पेशव्यांच्या महालाची आठवण व्हावी. आपल्या कामाचा जो निकाल लागेल त्याच्या टक्केवारीवर चार्टर्ड अकाउंटंटानें मोबदला ठरवूं नये, असा एक नियम आहे. त्याला अपवाद ठेवलेले थोडेच. आणि ज्या कंपनीचा तो लेखापरीक्षक आहे, तिचीच वही लिहिण्याचें काम त्याला 2013 च्या कंपनी कायद्यानें मना केलें आहे. मुजुमदारानें फडणिशी करूं नये, हेंच हें.

मात्र हें संरक्षण भागधारकांसाठीं आहे, कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानदारासाठीं नव्हे. 1984 सालापासून ठराविक मर्यादेपलीकडील उलाढालीच्या धंद्यांस करासाठीं लेखापरीक्षण सक्तीचें झालें. पण त्याचा हेतु सरकारचा कर बुडूं नये हा आहे, दुकानदाराचा गल्ला फुटूं नये हा नव्हे. आणि रोजची वही लिहावयास तर परवाना लागतच नाहीं. पाटी लावणारा कोणीहि हिशेबनीस. तेव्हां सनद पाहून सही करणारा निवडला तरी लिहिणारा निवडण्याचें काम मालकालाच करावें लागतें, आणि तेथें कायदा त्याच्या मदतीला येत नाहीं.

माझे कांहीं जुने विद्यार्थी लहानमोठे उद्योग करतात. त्यांतले कोणी इतिहासाच्या माणसाला हा प्रश्न विचारतात तेव्हां मी त्यांना एकच खूण सांगतों. नव्या माणसाला गेल्या वर्षाच्या वह्या आठवडाभर द्याव्या आणि तो काय विचारतो तें ऐकावें. कांहींच न विचारतां "सगळें ठीक आहे, साहेब" असें जो म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. "मंगळवारीं गल्ल्यांतून नेलेले पांचशें रुपये कोणत्या खातीं लिहूं?" असें जो विचारतो, त्याचा विचार करावा, कारण लहान धंद्याचें पहिलें भोंक बहुधा तेंच असतें. घरखर्च आणि दुकानखर्च एका कप्प्यांत पडतात, आणि वर्षअखेर नफा कोठें गेला याचा कोणास पत्ता नसतो. याआधीं कोणाचें काम सोडलें, व कां सोडलें, हेंहि विचारावें. एखादी खोटी नोंद करण्यास नकार दिला म्हणून ज्याची नोकरी गेली असेल, असा माणूस भाग्यानेंच भेटतो. तो थोडा तुसडा असण्याचा संभव आहे. तेवढें सोसावें.

आठ दरकदार दुकानाला झेपणार नाहींत, हें उघड आहे. पण त्यांच्यांतलें एखाददुसरें काम मालकानें आपल्याकडे ठेवावें. शिल्लक रोज रात्रीं स्वतः मोजून वहीच्या आंकड्याशीं ताडून पाहणें हें पोतनिसाचें काम दहा मिनिटांचें आहे. ज्याच्या हातीं वही, त्याच्या हातीं पेटीची किल्ली नसावी. पेढीवरचे व बँकेचे कागद प्रथम मालकानें उघडावेत. आणि महिन्याचा गोषवारा अशा भाषेंत मागावा कीं तो घरांतल्या दुसऱ्या कोणासहि वाचतां यावा. पुष्कळ घरांत नवऱ्याबरोबर बायकोहि जन्मभर दुकानांत उभी असते, माल तोलते, गिऱ्हाईक सांभाळते. पण वही कशी वाचावयाची हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. एके दिवशीं नवरा अकस्मात् जातो, आणि तेराव्यानंतर ती दिवाणजींपुढें बसून विचारते कीं, देणें किती व येणें किती. त्या क्षणीं ती सुप्याच्या कुणब्याहून वेगळी नसते.

आतां वही कागदाची राहिली नाहीं. लांबट वहीला पानांचे आंकडे असत, मधलें पान फाडलें तर शिवण सांगे, आणि ओळीओळींत कोरी जागा न सोडण्याची शिस्त असल्यामुळें मागाहून नोंद घुसडणें अवघड जाई. संगणकावर लिहिलेली नोंद पुसली तर खूण राहीलच असें नव्हतें. म्हणून कंपन्यांनीं 1 एप्रिल 2023 पासून अशीच हिशेबप्रणाली वापरावी कीं जींत प्रत्येक फेरफाराचा माग आपोआप राहील, असा नियम झाला. लहान दुकानावर ही सक्ती नाहीं. पण पुष्कळ प्रणालींत ती सोय असते, आणि ती चालू आहे कीं बंद हें मालकानें एकदां स्वतः पाहावें.

याहूनहि एक गोष्ट अधिक निकडीची. 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, आणि सरकारशीं होणारा त्याचा सारा व्यवहार संगणकावरून चालूं लागला. नोंदणीच्या वेळीं मालकाला वेळ नसतो, म्हणून दिवाणजी आपलाच दूरध्वनीचा क्रमांक व आपलाच ईमेल घालून मोकळे होतात. हेतु वाईट नसतो. पण पुढें केव्हां बिनसलें आणि दिवाणजी दुसऱ्या पेढीवर गेले, म्हणजे ध्यानांत येतें कीं दुकान मालकाचें असलें तरी प्रवेशाचा परवलीचा शब्द त्यांच्यापाशीं आहे, आणि सरकारचा सांकेतिक अंक त्यांच्याच खिशांतल्या यंत्रावर वाजतो. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं दफ्तरांतले कागद लोकांच्या घरीं गेले, ते परत गोळा करतां करतां पुढच्या अंमलदारांच्या नाकीं नऊ आले असतील. येथें तेवढें कठीण नाहीं. दिवाणजी अजून दुकानांत बसलेले असतांना, त्यांच्याच समोर, त्या दोन नोंदी मालकाच्या नांवावर करून घ्यावयाच्या आहेत.